घरच्या घरी हेडर

आमच्या घरात गाडी सिंधु चालवते. मी शेजारी बसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यातला निम्मा घोळ ह्या बैठकव्यवस्थेतून झालेला आहे.

सिंधु नांदेडहून अर्धापूरच्या पुढं एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापिका आहे. गाडी घेण्याआधी ती काळीपिवळी जीपनं जायची. पुढच्या सीटवर ड्रायव्हरला धरून चौघं कोंबलेले, आणि गिअर टाकायच्या वेळी ड्रायव्हर म्हणणार, "मॅडम, पाय." मुख्याध्यापिकेला रोज सकाळी कुणी "मॅडम, पाय" म्हणत असेल तर शाळेत शिस्त राहत नाही, असं तिचं मत. म्हणून तिनं ही पांढरी गाडी घेतली, स्वतःच्या पगारातून, आणि चालवायला शिकलीही स्वतःच. ह्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही स्टेअरिंगला तिनं आजवर हात लावलेला नाही. तिचा भाऊ आनंदराज लातूरहून नवी गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, "आक्का, मार की एक चक्कर." तर ती म्हणते, "नको बाबा. दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं होतंय."

मी का शिकलो नाही, ह्याला कारणं आहेत. ती सगळी माझ्याजवळ तयार असतात, पण आजवर कुणी ती शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाहीत.

तर ह्या गाडीचा आवाज उन्हाळ्याच्या तोंडी बदलला. आधी खोकल्यासारखा, मग उसानं भरलेल्या ट्रॅक्टरसारखा. शाळेच्या दारात गाडी दिसली की पोरं "मॅडम आल्या" म्हणायची, ती आता गाडी शिवारात असतानाच म्हणायला लागली. उशिरा येणारी पोरंही त्यामुळं वेळेवर पोचायला लागली, एवढा एक फायदा. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"साहेब, मॅनिफोल्ड फुटलंय."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागच्या सायलेन्सरकडं पाठवणारं बिडाचं जाडजूड नळकांडं. ते नवं मिळेना, कारण कंपनीनं ही गाडी करणं कधीच सोडलेलं. गॅरेजवाला म्हणाला, बाहेर बनवलेलं हेडर मिळतं, ते बसवा. हेडर म्हणजे त्याच नळकांड्याच्या जागी स्टीलच्या चार नळ्या, चार सख्खे भाऊ शेवटी एकाच दारातून बाहेर पडावेत तशा एकात एक गेलेल्या. "पण ते मी बसविणार न्हाई," तो म्हणाला. "बाहेरचा माल. उद्या आवाज आला की तुम्ही माझ्याच दारात येऊन उभं राहणार." गिऱ्हाइकाची इतकी अचूक पारख असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यात गाडीची नोंदणी संपत आलेली. जुनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते. तो पास म्हणाला तर आणखी पाच वर्षं, नापास म्हणाला तर गाडी घरात.

"नापास झाली तर मी चावी खुंटीला अडकवणार," सिंधु म्हणाली. "नवी गाडी ह्या वयात नको. थोडीच वर्षं राहिली नोकरीची. जाईन पुन्हा जीपनं."

सिंधु ओरडून बोलली तर काळजी करायची नसते. भाकरी उलटता उलटता बोलली, की तो निर्णय असतो. ती भाकरी उलटत होती.

त्याच जेवणाला आनंदराज होता. लातूरला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं एकच वाक्य असतं: "लातूरला मिळतंय."

"हेडर लातूरला मिळतंय, दाजी. मी आणतो. पण बसविणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

घास तोंडाशी नेलेले सगळे थांबले. मीही थांबलो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ह्याचं सर्वांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं होतं. पण जलसंपदा खात्यात ज्येष्ठ लिपिक म्हणून आयुष्य काढलेला माणूस एकदा गेलेलं टिपण मागं घेत नाही.

"दाजी, तुम्हाला चालविता बी येत न्हाई."

"चालविणं आणि बसविणं ह्या दोन वेगळ्या शाखा आहेत," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही आवडतं. ह्या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं पहिलं चांगलं काम तेच.

पहिली अडचण कागदांची. परिवहन खात्याचं आता सगळं संगणकावर असतं. अर्ज भरायला बसलो. ह्या कामात मी कुणाला हार जात नाही. तर प्रत्येक पानाच्या शेवटी ओटीपी. आणि ओटीपी जाणार लातूरला. गाडी घेतली तेव्हा अर्जावर फोन नंबर टाकला होता आनंदराजचा, कारण आमच्या नात्यात मोबाईल सर्वांत आधी त्यानं घेतला होता. आता नंबर बदलायचा तर त्यासाठी अर्ज, आणि त्या अर्जालाही ओटीपी. तोही लातूरला.

"आला का रे नंबर?"

"दाजी, दुकानात गर्दी हाय. उसाचं खत काढून राहिलो."

"अरे, तो लगेच मरतो. वेळ संपते त्याची."

"मग दुसरा मागवा की. तुम्हाला कुठं पैसे पडून राहिले?"

असे किती ओटीपी लातूरला जाऊन बेवारस मेले, देव जाणे. अखेर तारीख मिळाली. गाडीच्या चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो, तो मी असा घेतला की कुठल्याही कार्यालयानं फ्रेम करून लावावा. कागदपत्रांच्या बाबतीत गाडी कधीच पास झालेली होती. राहिली होती फक्त गाडी.

आता नट फिरवायचे पाने. आमच्या मैत्री नगरात वस्तू उसनी द्यायची एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. वाटी, शिडी, सतरंजी कुणीही देतं. पण अवजार देत नाहीत. अवजारासोबत माणूस येतो. पाना त्याचा, हात तुमचा, आणि तो शेजारी खुर्चीवर. पाना परत जाईपर्यंत त्याचा चहा तुमच्याकडं. माझ्याकडं होता फक्त एक पेचकस. त्यामुळं काम सुरू करायच्या आधीच आमच्या अंगणात समिती बसली.

समितीचे अध्यक्ष नरसिंगराव. गोटी पान्यांचा पूर्ण संच त्यांचा. मूळचे देगलूरकडचे, एस.टी.तून निवृत्त, आणि त्यामुळं नगरातल्या कुणाचाही स्टार्टर बिघडला की बोलावणं त्यांना. एस.टी.त ते पास विभागात होते, विद्यार्थ्यांचे पास काढून द्यायचे, ही गोष्ट नगरात मला एकट्याला माहीत आहे. मी ती कधी बोललो नाही. तेही मला गाडी येत नाही हे कधी बोलत नाहीत. शेजारधर्म म्हणजे दुसरं काय असतं?

दुसरे शेषेराव. जॅक त्यांचा. शिरूर अनंतपाळचे, बँकेतून निवृत्त. आमच्या समोरच्या प्लॉटवर त्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे. दारात वाळूचा ढीग, आणि त्या ढिगावर राखण म्हणून ते स्वतः. आमच्या अंगणात बसले तरी त्यांची खुर्ची वाळूच्या दिशेला तोंड करूनच असायची. रस्त्यानं मांजर गेलं तरी ते अर्धवट उठायचे.

पहिल्या रविवारी मी बनियनवर, पोत्यावर पाठ टेकून, गाडीखाली शिरलो. मॅनिफोल्डचे वरचे नट वरून काढायचे, सायलेन्सरचा जोड खालून. खाली शिरल्यावर पहिली गोष्ट कळली, ती ही की पुस्तकांत आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत गाडीखाली जागा असते.

"डिझेल सोडा गंजावर," वरून नरसिंगराव म्हणाले. "एस.टी.त आम्ही तेच करत होतो."

"डिझेल नको, खोबरेल सोडा," शेषेराव.

"खोबरेलानं नट निघत असते का, शेषेराव?"

"निघत न्हाई. पण मग डिझेल वाया जात न्हाई."

त्याच वेळी विहारातली वंदना सुटली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका रांगेनं आमच्या गल्लीतून निघाल्या. मी खालून फक्त पांढरे काठ आणि चपला पाहत होतो. त्यांना दिसत होते माझे दोन पाय. चपला थांबल्या.

"मॅडम, साहेब खाली कशामुळं पडलेत?" हा आवाज पारूबाईंचा. नगरातल्या सर्वांत थोरल्या बाई, त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

"पडले नाहीत. गाडी दुरुस्त करून राहिले."

"साहेब? आन् गाडी तर तुम्ही चालविता ना?"

"हाव."

मग पारूबाई अतिशय दयेनं म्हणाल्या, "असू दे. माणसाला काहीतरी करावं वाटतं."

मी खालून नमो बुद्धाय केलं. झोपून. गुडघ्यांना ते जमेल तेवढं नम्रपणे.

नट निघाले. एक सोडून सगळे निघाले, आणि तो एक निघाला नाही तर मोडला. इंजिनात रोवलेला स्टड निम्मा माझ्या हातात आला, निम्मा आत राहिला. तो मोडला तेव्हा जो आवाज झाला तो फार मोठा नव्हता, पण समितीनं खुर्च्या मागं घेतल्या. "जरा आस्ते फिरवायला पाहिजे होतं," नरसिंगराव म्हणाले. फिरवताना "जोर लावा साब, जोर लावा" कोण म्हणत होतं, हे मी विचारलं नाही. तो तुकडा काढण्यात पुढचा आठवडा गेला. रोज ऑफिसातून आलो की मी आणि तो तुकडा. आमच्यात एक ओळख तयार झाली होती. निघाला तेव्हा जरा सुनं सुनं वाटलं.

पुढच्या रविवारी आनंदराज हेडर घेऊन आला. सोबत कोंबडी. हेडर चकचकीत, तेलात बुडवून काढल्यासारखं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. सगळ्यांनी ते आळीपाळीनं हातात घेतलं. नव्या बाळाला घेतात तसं, आणि नव्या बाळाबद्दल बोलतात तसंच बोलले: जरा बारीक वाटतंय, नाक कुणावर गेलंय.

ते बसेना. खालची नळी गाडीच्या एका लोखंडी पट्टीला अडत होती.

"बसतंय, दाजी. लातूरचं हाय. तुम्हाला बसविता येत न्हाई."

"तू बसव मग."

आनंदराजनं बाह्या सरसावल्या, आत हात घातला, आणि बराच वेळ हात आत ठेवून गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "कोंबडी झाली का बघतो."

अखेर ते मीच बसवलं. कसं ते विचारू नका. मला आठवतं ते एवढंच, की मी समितीला पहिल्यांदाच "जरा गप बसा हो" म्हणालो, आणि समिती खरोखर गप बसली, आणि नळी आपली आपण पट्टीच्या बाजूनं सरकली. नवं पॅकिंग, नवे नट, सगळे ओळीनं आवळले. जुनं बिडाचं धूड आनंदराजनं उचलून आपल्या डिकीत टाकलं. "लातूरला नेतो. चांगलं वजनदार हाय."

"चालू करा, मॅडम," नरसिंगराव म्हणाले.

सिंधुनं चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. आणि आवाज! खोकला नाही, ट्रॅक्टर नाही. खर्जात, भरदार, एखादा गवई तंबोरा लावून बसावा तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं, आनंदाचं. मग कळलं, धुराचं.

उघड्या बॉनेटखालून पांढरा धूर उठला आणि वाढतच गेला. "आग!" शेषेराव ओरडले. "आग लागली! पाणी!"

आता ज्या गावात नळ चार-चार दिवसांनी येतो, तिथं आग लागल्यावर माणसं काय करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या दारांतून बायका बाहेर आल्या, धूर पाहिला, आणि दारातल्या भरलेल्या बादल्या उचलून आत नेल्या. कुणाची चूक नव्हती. नळाचा दिवस अजून लांब होता. शेषेरावांनी दोन्हीकडं पाहिलं, मग एका क्षणात आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग केला. घमेलं उचललं, आपल्या ढिगातली वाळू भरली, आणि चालू इंजिनावर ओतली. दुसरं घमेलं नरसिंगरावांनी ओतलं. तिसरं आनंदराजनं, एका हातात कोंबडीची तंगडी धरून.

सिंधुनं शांतपणे चावी फिरवून गाडी बंद केली आणि खाली उतरली. चिखलानं माखलेलं पोरगं वर्गात आलं तर ती ज्या नजरेनं बघेल, त्या नजरेनं तिनं आम्हा चौघांकडं पाहिलं.

धूर आपोआप विरला. नव्या नळ्यांना गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पहिल्यांदा तापल्यावर जळतं, घाबरू नये, अशी सूचना हेडरसोबतच्या कागदावर ठळक छापलेली होती. तो कागद कुठं होता? नरसिंगरावांच्या हातात. उकडत होतं म्हणून ते सकाळपासून त्यानं वारा घेत होते.

"चाळलेली वाळू होती हो," शेषेराव इंजिनाकडं बघत म्हणाले. "गिलाव्याची." आणि जरा थांबून, "परत निघेल का?"

निघाली. सगळी नाही. गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली, तिथल्या हवेच्या नळीनं इंजिन फुंकून काढलं, मग घरी रंगाच्या ब्रशानं, मग जुन्या टूथब्रशानं. गाडी ढकलत नेताना अख्खं नगर सोबत होतं. पुढं स्टेअरिंगवर सिंधु, मागं आम्ही. कुणाची वरात आहे हे एका परक्या माणसानं विचारलंसुद्धा. एक पट्टा बदलावा लागला. पण इंजिन वाचलं, आणि सिंधु पुन्हा शाळेत जायला लागली. पोरांनी आवाजाचं काय म्हटलं, असं मी विचारलं. "पाठ करून राहिलेत," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत तोंडानं काढतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एवढं मी टिपून ठेवलं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नरसिंगराव येऊन बसले. "साब, एक सांगतो. तिथं काही बोलायचं न्हाई. विचारलं तेवढंच. आपण होऊन तोंड उघडलं की कागद वाढतो." पास विभागातल्या माणसाचा हा सल्ला होता, आणि मीही त्याच धंद्यातला, मला तो पटला. मी सिंधुला बजावलं. ती म्हणाली, "मी कशाला बोलू?"

परिवहन कार्यालयाच्या मैदानात गाड्यांची रांग. निरीक्षक तरुण होते, उन्हानं बेजार झालेले, पण चांगल्या वागणुकीचे. दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवला. चेसिस नंबरच्या ठशाकडं क्षणभर थांबून पाहिलं. तेवढंच मला पुरे होतं. मग स्वतः बसून मैदानात एक चक्कर मारली, उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि पेन काढला.

"गाडी जुनी आहे, पण इंजिन छान ठेवलंय हो, मॅडम. कोण बघतं?"

मी सिंधुकडं पाहिलं. डोळ्यांनी जेवढं ओरडता येतं तेवढा ओरडलो.

पण सिंधुचा चेहरा फुलला होता. लग्न झाल्यापासून मी तो असा फार थोड्या वेळा पाहिलाय, आणि त्यातल्या एकाही वेळी त्याचं कारण मी नव्हतो.

"ह्यांनीच बघितलं, साहेब," ती म्हणाली. "सगळं घरी केलं, स्वतःच्या हातानं. गॅरेजवाला नाही म्हणाला, तरी ह्यांनी केलं. बाहेरचं हेडर आणून बसवलं. कुणाला जमलं नाही ते. माझ्या भावालाही नाही."

निरीक्षकांनी पेनचं टोपण परत लावलं.

"हेडर?" ते म्हणाले, आणि बॉनेट उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "काम सफाईनं केलंय तुम्ही. पण हा मूळ रचनेत बदल झाला ना. मला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता कळल्यावर सही कशी करू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी असतो तर मीही तेच केलं असतं, वर दोन प्रती मागितल्या असत्या. कागदावर शेरा पडला: मूळ रचनेत बदल, पूर्ववत करून फेरतपासणी. आणि त्यासाठी थोडेच दिवस.

परत येताना गाडी तिच्या नव्या खर्जात गात होती.

"मी खोटं बोलले का?" तरोडा नाक्यापाशी सिंधु म्हणाली.

"नाही."

"मग?"

"खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

घरी आल्यावर चावी खुंटीला अडकवली. भाकरी थापायला बसली, आणि मी पाहिलं, ती उलटता उलटता म्हणाली, "जीपवाल्याचा नंबर तुमच्याकडं आहे का?"

माझ्यावर एक अवघड प्रसंग आला होता. रागवावं म्हटलं तर बाईनं चारचौघांत, तेही सरकारी अधिकाऱ्यापुढं, नवऱ्याचं कौतुक केलं होतं. आणि सुखावावं म्हटलं तर त्याच कौतुकानं तिची गाडी गेली होती. मी आनंदराजला फोन लावला.

"ते जुनं मॅनिफोल्ड कुठं आहे?"

"दुकानात हाय की, दाजी. काचेच्या दाराला टेकण लावलंय. लई कामाचं हाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून लातूर. दार मोकळं केलं, काच वाऱ्यानं आपटली, आनंदराज कळवळला. तेलगिरण्यांची जुनी यंत्रं जोडणाऱ्या एका वेल्डरकडं ते फुटकं नळकांडं नेलं. बीड जोडणं कटकटीचं, तापवून, सावकाश थंड करत करावं लागतं. मी समोर बसून राहिलो. जोड पक्का झाल्यावर ते सिंधुच्या जुन्या पांढऱ्या साडीत गुंडाळून एस.टी.त बसलो. मांडीवर. अहमदपूरला एक म्हातारे गृहस्थ चढले, माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं पाहिलं आणि चपला काढून बसले.

"मूर्ती कुठं बसवायची?" त्यांनी हळूच विचारलं.

"नांदेडला," मी म्हणालो. समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

घरी आल्यावर पाने मागायला निघालो. नरसिंगरावांनी अख्खा संच खिडकीतूनच दिला. शेषेरावांनी जॅक फाटकाबाहेर आणून ठेवला आणि म्हणाले, वाळू सोडून येता येत नाही. आमच्या नगरात पहिल्यांदाच माणसाशिवाय अवजारं बाहेर पडली. नापास गाडीत कुणाला हिस्सा नको असतो. मला बरंच झालं. ना सल्ला, ना चहा. सिंधु उजेडासाठी बॅटरी धरून उभी होती. हेडर निघालं, बिडाचं धूड जागेवर गेलं, नट एकापाठोपाठ एक, न मोडता, न भांडता बसले. मी पुन्हा पुन्हा तपासलं. चालू केली तर आवाज इतका शांत, की सिंधुनं विचारलं, "चालू झाली का?" आयुष्यात मी निर्दोष केलेलं असं ते एकच काम असेल. त्याला साक्षीदार एकच होता, आणि त्याच्या हातात बॅटरी होती.

फेरतपासणीला तेच निरीक्षक. त्यांनी आम्हाला ओळखलं. बॉनेट उघडलं, आत वाकले, हातानं जोड चाचपला, गाडी चालू करायला लावली, कान दिला. ह्या वेळी त्यांना खरंच काही सापडेना. मी हात पुढं बांधून उभा होतो, म्हणजे नखांतलं काळं दिसावं.

"वा," ते म्हणाले. "हे तर एकदम बरोबर बसलंय. कुठं केलं?"

मी हलकेच खाकरलो. सिंधुनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कंपनीचंच आहे, साहेब," ती म्हणाली.

सही झाली. शिक्का झाला. गाडी पाच वर्षांसाठी सिंधुची झाली.

तर हिशोब असा. जे काम मी चुकीचं केलं, ते माझ्या नावावर, शेऱ्यासकट, सरकारी कागदावर चढलेलं आहे. जे बरोबर केलं, ते कंपनीच्या नावावर गेलं. आणि तेही जी कंपनी ही गाडी बनवायचं विसरून गेलीय तिच्या. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. सिंधुनं गाडी चालू केली, मैदानातून वळवली. फाटकापर्यंत मी काही बोललो नाही.

"काय झालं? पास झाली ना?"

"झाली."

"मग तोंड असं का? बोला की काहीतरी."

"मी काय बोलू?" मी म्हणालो. "मी काही कंपनीचा माणूस नाही."

सिंधुनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. सुरुवातीला ओठातल्या ओठात, मग खांदे हलवून, मग डोळे पुसत, आणि त्या नादात क्लचवरचा पाय निसटला. गाडीनं एक आचका दिला आणि ती बरोबर फाटकाच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. आरशात पाहिलं तर निरीक्षक हातातला कागद तसाच धरून आमच्याकडं बघत होते.

"वळून बघू नका," सिंधु म्हणाली, आणि हसता हसताच चावी फिरवली.